रंगाऱ्यांच्या लेकी

नंदुरबारच्या जुन्या बाजारातल्या पाट्यांचा खालचा अर्धा भाग माझा होता. वरचं ठसठशीत नाव, 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी' वगैरे, ते अप्पांचं. त्याखालचं 'प्रो.' लावून आलेलं मालकाचं नाव, 'उधार बंद आहे', फोन आले तेव्हा फोनचे आकडे, आणि दोन्ही कडांची वेलबुट्टी माझी. ही वाटणी कलेनं केलेली नव्हती, शिडीनं केलेली होती. मोठी पाटी आमच्याकडे जागेवरच रंगवायची रीत. अकरा वर्षांच्या परकरातल्या पोरीनं भरबाजारात शिडीवर चढायचं नाही, हा मायचा हुकूम. म्हणून जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढं पोरीचं, बाकीचं बापाचं.

आता पाट्या रंगवणारा माणूस शोधून सापडत नाही, म्हणून थोडं कामाबद्दल सांगते. पत्र्याला आधी रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की पांढऱ्या इनॅमलचे दोन. मग निळीत बुडवलेली सुतळी दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलायची आणि सोडायची. फट् असा आवाज येतो आणि पत्र्यावर केसासारखी निळी रेघ उमटते. ती शिरोरेषेची जागा. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असतं, आपलं वरून टांगलेलं, म्हणून आपली रेघ वर हवी. मग खडूनं अक्षर मांडायचं, ब्रशनं कड काढायची, आत रंग भरायचा आणि शेवटी एका अंगाला सावली द्यायची. सावली नेहमी एकाच अंगाला. अप्पा म्हणायचे, सूर्य एकच आहे ना? मी पहिलं वर्षभर नुसता रंग भरला. कड काढायला मिळाली ती नंतर, आणि सावली त्याच्याही नंतर.

गिऱ्हाईक विचारायचं, "हाई कोनी काढं?" अप्पा शिडीवरून म्हणायचे, "मी." खालच्या अर्ध्यासकट. मला त्याचं काही वाटत नसे, कारण दुकान अप्पांचं, रंग अप्पांचे, आणि संध्याकाळी मिळणारी जिलबीही त्यांच्याच पैशाची. एकदा मात्र एका दुकानदाराच्या ओळखीचे गुरुजी पाटीपाशी थांबले आणि म्हणाले, 'आशिर्वाद' चुकलं, 'शी' दीर्घ पाहिजे. दुकानदारानं वर पाहिलं. अप्पांनी खाली पाहिलं आणि लगेच म्हणाले, "मनी पोरनी काढं." माझ्या कामाचं श्रेय बापानं चारचौघांत मला दिलं ते असं. पाटी तशीच राहिली. दुकानदाराला तेवढ्यासाठी पुन्हा पैसे मोजायचे नव्हते.

आम्ही रंगारी. म्हणजे मुळात पाट्यांचे नव्हे, कापडाचे. पणजोबा लुगडी आणि फडक्या रंगवायचे. तेव्हा खानदेशात आल नावाच्या झुडपाची लागवड होई. तीन-चार वर्षांचं झुडूप झालं की खणून त्याच्या मुळ्या काढायच्या, त्यांतून तांबडा रंग निघे. कापडाला आधी तेलाचे आणि तुरटीचे संस्कार करायचे, नाहीतर रंग धरत नाही. मग मुळ्यांच्या पाण्यात ते उकळायचं, नदीवर आपटायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. पुरुषांच्या नावावर चालणाऱ्या या धंद्यात मुळ्या कुटणं, पाणी भरणं, धुणं, वाळवणं हे सगळं बायकांचं. माझी आजी सांगायची की तिच्या सासूचे हात कोपरापर्यंत तांबडे होते आणि ते मेल्यावरही तसेच राहिले. आता ही गोष्ट आजीनं थोडी रंगवली असेल. रंगाऱ्याचीच सून ती.

१८६९च्या सुमारास जर्मनीत कृत्रिम ॲलिझरीन बनवायची रीत निघाली. मंजिष्ठेच्या मुळीत जो तांबडा असतो तोच, पण कारखान्यातला आणि स्वस्त. काही वर्षांत युरोपातले मंजिष्ठेचे मळे मोडले आणि आमच्याकडची आलही गेली. पुडीचा रंग आला. मागून गिरणीचं रंगीत कापडच आलं. आजोबांनी डेऱ्या उपड्या घातल्या आणि पेठेत हमाली केली. अप्पांनी रंगाशी पुन्हा नातं जोडलं ते इनॅमलच्या डब्यानं. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथे येणाऱ्या खेळांचे आणि पाळण्यांचे फलक रंगवायला ते जायचे. महिनाभराची कमाई तिथे आठवड्यात व्हायची. घोडा काढावा तर अप्पांनी. मानेचा बाक एका दमात. मी कित्येक वेळा प्रयत्न केला, माझ्या घोड्याचं गाढव व्हायचं.

बायकांकडची चित्रकला वेगळीच होती आणि तिला कुणी चित्रकला म्हणत नव्हतं. नागपंचमीला आजी भिंतीवर नाग काढायची, गेरूनं आणि गंधानं, काडीला कापूस गुंडाळून. श्रावणात कानबाई देवी बसायच्या आधी घर सारवून, पांढरं करून घ्यायचं, तेव्हा दाराभोवतीची नक्षी मायची. दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत ती पुसट होत जायची आणि पुढच्या वर्षी नवी. सही करायचा प्रश्नच नव्हता. पुसलं जाणार हे ठरलेलंच, तिथे नाव कशाला?

मॅट्रिकनंतर मी धुळ्याला ए. टी. डी. म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका करायला गेले. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. आमचा वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. तिथल्या वाचनालयात पुठ्ठा सुटलेलं एक पुस्तक हाती आलं : 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे', लेखक रावबहादूर म. वि. धुरंधर, १९४० सालचं. ही एकेचाळीस वर्षं म्हणजे १८९० ते १९३१, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधली. आधी विद्यार्थी म्हणून, मग शिक्षक म्हणून. त्या पुस्तकातून मला पहिल्यांदा कळलं की माझ्या सरांना एक लेक होती आणि तीही चित्रकार होती. 'माझे सर' म्हणते, कारण पाट्यांवरच्या लक्ष्मीचा चेहरा अप्पा ज्या जुन्या छापील तसबिरीवरून उचलायचे, त्या तसबिरींच्या वळणात धुरंधरांचा हात होता. रविवर्मा प्रेसनं त्यांचीही चित्रं शिळाछापावर छापली होती. देव्हाऱ्यात कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं; तो काढला कुणी, हे विचारायची पद्धत नाही.

महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ साली जन्मले. कोल्हापुरात वाढलेला हा पाठारे प्रभू मुलगा १८९०च्या जानेवारीत मुंबईला जे. जे.मध्ये आला. तेव्हा तिथे ग्रिफिथ्स साहेब होते, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेणारे. पाचच वर्षांत, १८९५ साली, धुरंधरांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. पुढे त्यांनी काय काढलं नाही? पौराणिक देखावे, शिवाजी महाराजांचे प्रसंग, संस्थानिकांसाठी मोठमोठी तैलचित्रं, नव्या दिल्लीतल्या सरकारी इमारतीसाठी भित्तिचित्रं, पुस्तकांतली चित्रं, जाहिराती. त्यांची पोस्टकार्डं तर मुंबईच्या रस्त्याचा आरसा आहेत : कोळीण, पारशीण, भय्या, ट्रामची वाट बघणारा कारकून. १९२० साली ऑटो रॉथफेल्ड नावाच्या सनदी अधिकाऱ्याचं भारतातल्या स्त्रियांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्यातल्या बायका धुरंधरांनीच रंगवल्या. लुगड्याचा पोत, निऱ्यांचा भार, ओचा खोचताना कमरेत पडणारी मोड, हे त्यांच्यासारखं कुणी काढलेलं मी तरी पाहिलं नाही. पहिली पत्नी बापूबाई प्लेगात गेली. दुसऱ्या पत्नी गंगूबाई. त्यांची इतकी रेखाटनं धुरंधरांनी केली की त्यांचा एक संग्रहच 'माय वाइफ इन आर्ट' या नावानं जमला. बायको चित्रात होती. लेक अंबिका मात्र चित्राच्या अलीकडे, ब्रशाच्या बाजूला आली.

अंबिकेचा जन्म ४ जानेवारी १९१२चा. घरात कागद, रंग, बोळे, टर्पेंटाइनचा वास. मला या वासाबद्दल कुणी सांगायला नको. पण आमच्या दोघींच्या घरांत एक मोठा फरक होता. माझ्या अप्पांना वाटायचं पोरीनं हाताखाली काम करावं, आणि धुरंधरांना वाटलं की पोरीनं रीतसर शिकावं. त्यांनी तिला जे. जे.मध्येच घातलं. तेव्हाचं शिक्षण म्हणजे आधी प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून छायाप्रकाश शिकायचा, नाक-कान-पाय सुटे सुटे काढायचे, मग जिवंत माणूस समोर बसवून, मग रचना. वर्षानुवर्षं. १९३१ साली अंबिकाबाईंनी पदविका मिळवली. तोवर तिथून पदविका घेतलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि त्याच वर्षी वडील निवृत्त झाले. आदल्याच वर्षी ते काही काळ जे. जे.चे संचालक होते, त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. म्हणजे बापाचं एकेचाळिसावं वर्ष आणि लेकीचं शेवटचं वर्ष एकाच दारातून बाहेर पडलं. हे वाचल्यावर मला उगीचच त्या दोघांचा घरी परतताना आगगाडीतला प्रवास दिसायला लागतो. काही बोलले असतील का? बहुतेक रंगांच्या किमतीवर बोलले असतील. चित्रकार बाप-लेक बोलतात त्यातलं निम्मं तेच असतं.

त्याच जे. जे.मध्ये आणखी एक बाप-लेक होते. आंतोनियु शाविएर त्रिंदाद, १८७० साली गोव्यातल्या सांग्यात जन्मलेले, धुरंधरांचे सहकारी. व्यक्तिचित्रात त्यांचा हात असा की लोक त्यांना पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणत. १९२० साली त्यांनाही बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, 'फ्लोरा' या चित्राला, आणि ती फ्लोरा म्हणजे त्यांची पत्नी. पुन्हा बायको चित्रात! पुढे मधुमेहानं त्यांचा पाय गेला, तरी ते रंगवत राहिले. १९३५ साली ते वारले. त्यांची लेक अँजेला, अंबिकाबाईंहून तीन वर्षांनी मोठी. तीही जे. जे.ची. पण तिनं वडिलांची वाट पुढे सोडून दिली. ख्रिस्ती कथा तिनं भारतीय वेषात रंगवल्या, येशूची आई साडीत. मग आकृत्या त्रिकोणांत मोडायला लागली आणि त्या शैलीला तिनं आपलंच आडनाव दिलं : त्रिंदादिझम. आडनाव वडिलांचं, शैली तिची. यातली गंमत तिलाही कळली असणारच. १९८० साली ती दूर ब्राझीलमध्ये, साओ पावलोत वारली. बापलेकीची चित्रं सांभाळली ती दुसऱ्या बहिणीनं, एस्तेरनं. आज ती पणजीला फोंताइन्यासमधल्या फुंदासांव ओरिएंतमध्ये बघायला मिळतात. मी दोन वर्षांपूर्वी गेले होते. बाप आणि लेक एकाच इमारतीत आहेत, पण एकमेकांसारखी दिसत नाहीत.

अंबिकाबाई तशा सुटल्या नाहीत. हे मी दोष म्हणून सांगत नाही, डोळ्यांना दिसतं ते सांगते. त्यांची जी चित्रं छापील रूपात मी पाहिली ती वडिलांच्या घराण्यातली आहेत : नीट बांधलेली रचना, माणसांचा मेळा, अंगावरच्या वस्त्राकडे बारीक लक्ष. गाण्यात आपण याला तालीम म्हणतो आणि मान डोलावतो. चित्रात मात्र 'बापाची नक्कल' म्हणून मोकळे होतो. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सची फेलोशिप त्यांना मिळाली होती, म्हणजे हात कच्चा होता असं कुणी म्हणू नये. पण १ जून १९४४ला वडील गेले तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या आणि त्यानंतर चौसष्ट वर्षं जगल्या. त्या काळात त्यांच्या नावाशी जोडलं गेलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे वडिलांच्या चित्रांचा ठेवा सांभाळणं.

सांभाळणं. हा शब्द ऐकून कुणाला वाटेल की एक कपाट असतं, त्याला कुलूप घातलं की झालं. मी शाळेचं चित्रांचं कपाट सत्तावीस वर्षं सांभाळलं आहे, म्हणून सांगते. कागदाला वाळवी लागते आणि ती वाळवी पहिल्यांदा मागच्या गठ्ठ्याला लागते, जो कुणी उघडत नाही. दमट हवेत कागदावर तपकिरी ठिपके उठतात. जलरंग उजेडात उडतो. किरमिजी तर सगळ्यात आधी. तैलचित्राला भेगा जातात. घरातल्या कुणालातरी दर चार वर्षांनी वाटतं की ही अडगळ आहे. त्यातून ती मुंबई, जिथे पावसाळ्यात चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. धुरंधरांचं खारचं घर 'अंबासदन'. हजारोंनी रेखाटनं करणाऱ्या माणसाची ती कागदपत्रं पावसाळ्यांमागून पावसाळे काढून आपल्यापर्यंत आली, ती हवेनं आली नाहीत.

२०१८ साली मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरलं. चित्रकार सुहास बहुलकरांनी ते मांडलं होतं. मी सुरतेला गाडी बदलून गेले, बरोबर एक जुनी विद्यार्थिनी. कावसजी जहांगीर हॉलचे ते गोल जिने चढताना माझे गुडघे बोलत होते आणि भिंतीवर गंगूबाई ओचा खोचत होत्या. लोक चित्रांसमोर उभे राहून फोटो काढत होते. माझं लक्ष राहून राहून कागदांच्या कडांकडे जायचं. कडा शाबूत होत्या. शंभर वर्षांच्या कागदाची कड शाबूत राहते याचा अर्थ तो कुणीतरी उभा न ठेवता आडवा ठेवला आहे.

तोवर अंबिकाबाई गेल्या होत्या, ३ जानेवारी २००९ला, सत्याण्णव पुरी व्हायला एक दिवस बाकी असताना. त्यांचं आत्मकथन त्यांच्यामागून, २०१०मध्ये आलं : 'माझी स्मरणचित्रे'. हे नाव वाचून मी मोठ्यानं हसले होते. आमच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांत 'स्मरणचित्र' हा एक विषय असतो. समोर काही ठेवत नाहीत. 'बसस्टँडवरची गर्दी' असा विषय देतात आणि डोक्यातून काढायचं. पोरं सगळ्यात जास्त इथेच अडतात, कारण बघितलेलं असतं पण पाहिलेलं नसतं. जन्मभर वडिलांच्या चित्रांचा पहारा केलेल्या बाईनं स्वतःच्या पुस्तकाला नाव देताना मात्र 'माझी' हा शब्द आधी लावला.

व्हेनिसमध्ये सोळाव्या शतकात तिंतोरेत्तो नावाचा बडा चित्रकार होऊन गेला. त्याची लेक मारिएत्ता. तिच्याबद्दल जुन्या चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे की लहानपणी बाप तिला मुलाचे कपडे घालून कामावर बरोबर न्यायचा. मोठेपणी राजदरबारांतून तिला बोलावणी आली, पण बापानं पाठवलं नाही. ती तरुणपणीच, १५९०मध्ये, गेली. तिनं बापाच्या चित्रशाळेत वर्षानुवर्षं काम केलं, आणि आज तिची म्हणून खात्रीनं दाखवता येतील अशी चित्रं जवळजवळ नाहीत. ती चित्रं गेली कुठे? बापाच्या सहीखाली आहेत, असं जाणकार म्हणतात. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग तिनं सही का नाही केली?"

तिला मी सांगितलं नाही ते इथे सांगते. पाटीवर सही कुठे असते? उजव्या हाताला, खालच्या कोपऱ्यात. म्हणजे माझ्या अर्ध्यात. अप्पा दिवसभर शिडीवर असायचे, उतरल्यावर त्यांच्यानं कमरेत वाकवत नसे. ते विडी पेटवायचे आणि म्हणायचे, "करी टाक." मी बारीक ब्रश घेऊन त्यांची सही करायचे. 'पेंटर'मधल्या 'र'ची शेपटी जरा लांब, त्याखाली दोन ठिपके. ते ठिपके त्यांचे नव्हते, मी घातलेले. त्यांनी कधी काढायला सांगितले नाहीत. गावातल्या कितीतरी पाट्यांवर अप्पांची म्हणून जी सही होती, ती अप्पांनी केलेलीच नव्हती.

नोकरीला मी शहाद्याकडच्या एका शाळेत लागले. तिथे वसतिगृहात धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पोरी असायच्या, भिल्ल आणि पावरा. सातपुड्यातून खाली उतरलेल्या, पहिले सहा महिने तोंडातून शब्द न काढणाऱ्या. चित्राच्या तासाला मात्र हात थांबत नसे. मोर काढला तर त्याचं अंग ठिपक्यांनी भरायच्या. एकेका ठिपक्याला सारखं अंतर, मोजपट्टीशिवाय. एका परीक्षेत अशाच एका मुलीच्या नक्षीकामाला गुण कापले गेले, का तर विषय भौमितिक आकारांचा होता आणि तिनं वर्तुळात ठिपके भरले. मी आजही त्या गुणांवर चिडलेली आहे.

त्या पोरींना मी पिटोलच्या भुरीबाईंची गोष्ट सांगायचे. पिटोल मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात, आमच्या सातपुड्याच्या पलीकडे नर्मदा ओलांडली की वर. भुरीबाई भिल्ल. लहानपणी आईबरोबर घराच्या भिंती माती-गेरूनं रंगवायच्या. भिल्लांमध्ये पिठोरा लिहितात, देवाच्या घोड्यांचं चित्र, पण ते काढायचं पुरुषानं. बाईनं तो घोडा काढायचा नाही. त्यांनी घोडा सोडून बाकी सगळं काढलं. पुढे भोपाळला मजुरीला गेल्या, भारत भवनाच्या बांधकामावर. तिथे चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी मजूर बायकांना विचारलं, तुमच्याकडे भिंतीवर काय काढता, कागदावर काढून दाखवाल? भुरीबाईंनी दाखवलं. ते भारत भवन १९८२मध्ये उघडलं. ज्या इमारतीसाठी त्यांनी विटा वाहिल्या, तिथेच चित्रकार म्हणून त्यांचं नाव झालं. २०२१ साली पद्मश्री मिळाली. आता त्यांची मुलंही चित्रं काढतात. इथे धागा बापाकडून नाही, आईकडून आलेला आहे, आणि सहीसुद्धा पहिल्या दिवसापासून तिचीच. हे सांगितलं की धडगावच्या पोरी एकमेकींकडे बघायच्या. एकीनं विचारलं होतं, मजुरी किती मिळायची? मी म्हटलं, सहा रुपये रोज. तिनं मान हलवली. तिला कलेपेक्षा तो हिशेब आधी पटला.

अप्पा १९९६मध्ये गेले. फ्लेक्स आमच्याकडे त्यानंतर आला. सुरतेहून रात्रीच्या गाडीत गुंडाळी यायची आणि सकाळी पाटी टांगलेली असायची. सावली दोन्ही अंगांना, कारण संगणकाला सूर्य किती ते ठाऊक नसतं. एकेक करून पत्रे उतरले, भंगारात किलोवर गेले. मी एकही वाचवला नाही. नोकरी, मुलं, सासू. अंबिकाबाईंचं वाचायचे आणि स्वतःच्या बापाची पाटी तांब्या-पितळेच्या मोडीशेजारी पडलेली बघून पुढे जायचे. असंच होतं ते.

चार वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या नातवानं निरोप पाठवला, पाटी काढतोय, तुमच्या वडिलांची आहे म्हणतात, हवी का? रिक्षा करून गेले. तीच निघाली, 'आशिर्वाद' ऱ्हस्वातली. वरचा अर्धा पावसानं खाल्लेला, अप्पांचं ठसठशीत नाव पोपडे येऊन गेलेलं. खालचा अर्धा ओट्याच्या आडोशाला होता, म्हणून टिकला : प्रो., वेलबुट्टी, चुकलेली 'शि', आणि कोपऱ्यात सही, 'र'ची शेपटी, दोन ठिपके. नातवानं विचारलं, "वडिलांची सही ना?" मी हो म्हटलं.

घरी भिंतीवर लावायला जागा नाही, पाटी आठ फूट लांब. गच्चीवर ठेवली. नंदुरबारात गच्ची रिकामी राहत नाही. जानेवारीत सुनेनं वर्षाची मिरची आणली आणि विचारलं, "आई, या पत्र्यावर घालू? तापतो छान." मी म्हटलं, घाल, पण उलटा कर, रंग लागायला नको मिरचीला. तिनं आणि मी मिळून तो उलटा केला. अक्षरं खाली गेली, वर लाल मिरची पसरली. दुपारी वर गेले तर ठसका लागला. कडेची मिरची सावलीत आली होती, ती हातानं उन्हात सरकवली आणि खाली आले.